करिबाच्या पाण्याचा हिशेब

कोयनेचा भूकंप मला आठवत नाही, पण इतक्यांदा ऐकलाय की आठवतो असंच वाटतं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. मी तेव्हा सहा महिन्यांची होते. आई सांगायची, फळीवरची पितळेची भांडी खडखडायला लागली, गोठ्यातली म्हैस दावं ओढून हंबरायला लागली, आणि आज्जी मला उचलून अंगणात आली ती तोंडानं णमोकार म्हणतच. कोयनानगर आमच्या गावापासून कितीतरी लांब. आम्ही चिकोडी तालुक्यातले, कृष्णेच्या काठचे. तिकडं जवळजवळ दोनशे माणसं गेली, आमच्याकडं फक्त भांडी वाजली. पण गावात दुसऱ्या दिवसापासून एकच बोलणं सुरू झालं : धरणात एवढं पाणी साठवलं, जमिनीला भार सोसला नाही.

पुढं मी इतिहासाची मास्तरीण झाले. कॉलेजात भूगोल शिकवणारी एक मैत्रीण होती, तिच्याजवळच्या एका पुस्तकात मला ती गावातली चर्चा छापलेली सापडली. धरण भरल्यावर जिथं मोठे धक्के बसले अशा ठिकाणांची यादी होती. चीनमधलं शिनफेंगजियांग, ग्रीसमधलं क्रेमास्ता, आपली कोयना. आणि करिबा, सप्टेंबर १९६३. कोयनेच्या शेजारी बसलेलं हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मग ते माझ्या मागंच लागलं म्हणा ना. जिथं मिळेल तिथून वाचत गेले. नदीचा इतिहास लिहिणारे लोक बहुतेक धरण बांधून होईपर्यंतच लिहितात. मला त्यानंतरचंच जास्त जाणून घ्यायचं होतं. भिंत उभी राहिल्यावर किल्ली कुणाच्या हातात राहते? आमच्यासारख्या नदीकाठच्या बाईला हा प्रश्न काही पुस्तकी नाही.

झांबेझी ही अडीच हजार किलोमीटरांहून लांब नदी. झांबियाच्या वायव्येला उगम पावते, अंगोलात जाऊन परत येते, नामिबिया आणि बोट्स्वाना यांना स्पर्श करते, व्हिक्टोरिया धबधब्यावरून कोसळते, झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामधली सीमा होते आणि मोझाम्बिकमधून हिंदी महासागराला मिळते. मलावी आणि टांझानिया यांचंही पाणी तिच्यात येतं. म्हणजे आठ देशांची नदी. आपल्या कृष्णेला चार राज्यं, तर आपल्याकडं दोन-दोन लवाद झाले.

करिबाची घळ या सीमेवरच्या भागात आहे. १९५३मध्ये इंग्रजांनी उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचं एक फेडरेशन करून टाकलं. आजच्या नावांनी झांबिया, झिंबाब्वे आणि मलावी. उत्तरेकडं तांब्याच्या खाणी होत्या, त्यांना वीज हवी होती. दक्षिणेकडं गोऱ्या लोकांची वस्ती आणि कारखाने वाढत होते, त्यांनाही वीज हवी होती. धरण कुठं बांधायचं यावर खूप वाद झाला. काफुए नावाची झांबेझीची उपनदी पूर्णपणे उत्तर ऱ्होडेशियात वाहते. तिथं धरण बांधावं असं उत्तरेच्या लोकांचं म्हणणं होतं. ते लहान होतं, लवकर झालं असतं आणि खाणींना जवळ पडलं असतं. पण फेडरेशनची राजधानी दक्षिणेत, सॅलिसबरीला, म्हणजे आजच्या हरारेला. १९५५मध्ये कौल करिबाच्या बाजूनं लागला. वर आणखी एक गोष्ट झाली. पहिलं पॉवरहाऊस दक्षिण काठाच्या पोटात कोरायचं ठरलं. नदी दोघांची, भिंत दोघांची, पण वीज सुरू-बंद करायची खोली एकाच काठावर. तेव्हा हे कुणाला फार खटकलं नसेल, कारण दोन्ही काठ एकाच सरकारचे होते. फेडरेशन जेमतेम दहा वर्षं टिकलं.

पैसा जागतिक बँकेकडून आला, ८ कोटी डॉलर. त्या बँकेनं तोवर दिलेलं ते सगळ्यात मोठं कर्ज. नकाशे फ्रेंच इंजिनिअर आंद्रे कोयन यांचे, बांधणारी कंपनी इटालियन. १२८ मीटर उंचीची कमानदार भिंत. तिच्यामागं मावतं १८० अब्ज घनमीटर पाणी. असे आकडे आपल्याला काही सांगत नाहीत, म्हणून मी टीएमसीत करून पाहिलं : साठ कोयना. घनफळ धरलं तर माणसानं केलेलं जगातलं सगळ्यात मोठं तळं अजूनही हेच.

काम चालू असताना १९५७ आणि १९५८ असे लागोपाठ दोन मोठे पूर आले. दुसरा तर इतका मोठा, की नदीवरचे पूल वाहून गेले आणि काम चाललं होतं तो खड्डा बुडाला. काठावरचे टोंगा लोक म्हणाले, हे न्यामिन्यामीचं काम. न्यामिन्यामी म्हणजे नदीतला देव. अंग सापाचं, डोकं माशाचं. त्याची आणि त्याच्या बायकोची या भिंतीनं ताटातूट झाली म्हणून तो खवळलाय अशी गोष्ट. आज ती पर्यटकांना सांगतात आणि न्यामिन्यामी कोरलेल्या काठ्या विकतात. इंजिनिअरांनी त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं लावला आणि सांडव्याची दारं वाढवून सहा केली. धरण पुरं होईपर्यंत ८६ कामगार मेले. टेकडीवर इटालियन कामगारांनी सांता बार्बाराचं छोटं चर्च बांधलंय, तिथं त्यांची नावं आहेत.

आता टोंगांकडं येते.

आमच्याकडं मळीची जमीन म्हणतात. पूर ओसरला की नदी काठावर गाळ ठेवून जाते. त्या गाळात हरभरा, वांगी, भुईमूग काहीही टाका, खत न घालता येतं. ज्याच्याकडं दोन गुंठे मळी आहे त्याला गावात मान असतो. ग्वेंबेच्या खोऱ्यातले टोंगा याच पद्धतीनं जगत होते. पावसाळ्यात वरच्या शेतात पीक, आणि पाणी उतरलं की नदीकाठच्या गाळात दुसरं. पाऊस दगा देणारा मुलूख तो, त्यामुळं काठचं दुसरं पीकच त्यांना तारायचं. घराण्याघराण्यांची मळी ठरलेली, पावसासाठी गाऱ्हाणं घालायची ठिकाणं ठरलेली, पूर्वज तिथंच पुरलेले. असे सुमारे ५७ हजार लोक दोन्ही काठांवरून उठवले गेले.

त्यांना कुणी विचारलं नाही हे सांगायलाच नको. उत्तरेकडं चिपेपो या मुखियाच्या मुलखातले लोक हलायला तयार होईनात. १० सप्टेंबर १९५८ रोजी चिसोमू गावात भाले घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ माणसं मेली. मग बाकीच्यांना लॉऱ्यांत भरून नेलं. त्यांच्यातल्या सुमारे सहा हजार लोकांना दीडशे किलोमीटरांवर, धरणाच्या खालच्या अंगाला, लुसितूला नेऊन सोडलं. जमीन कमी, पाणी खराब. पहिल्याच काळात तिथं मुलं आणि बाया आजारानं पटापट गेल्या. दक्षिणेकडच्या टोंगांना नदीपासून दूर कोरड्या पठारावर बसवलं. त्यांच्यात अजून सांगतात, साहेबांनी तेव्हा म्हटलं होतं, तुम्ही पुढं चला, पाणी मागून येतंय.

डिसेंबर १९५८मध्ये भिंतीतली वाट बंद केली आणि तळं भरायला लागलं. तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत करिबाचं नाव झालं, पण ते टोंगांमुळं नाही. पाणी चढत गेलं तशा टेकड्यांची बेटं झाली आणि त्यांवर प्राणी अडकले. रुपर्ट फॉदरगिल नावाच्या वनाधिकाऱ्यानं आपल्या माणसांना घेऊन होड्यांतून ते सोडवायला सुरुवात केली. हरणं, रानडुकरं, माकडं, साप, अगदी गेंडेसुद्धा. साधे दोर जनावरांच्या पायात रुततात म्हणून बायकांना आवाहन केलं, तुमचे जुने नायलॉनचे मोजे पाठवा. लांबलांबून मोज्यांची गाठोडी आली, त्यांचे मऊ दोर वळले. ‘ऑपरेशन नोआ’ हे त्याचं नाव. पाचेक वर्षांत सहा हजारांहून जास्त जीव वाचवले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. आज्जी विहिरीचं पाणी गाळायची ते डोळ्यांसमोर आलं. दुहेरी फडकं, आणि गाळून झालं की ते फडकं उलटं करून, त्यातले दिसणारे न दिसणारे जीव त्याच विहिरीत हळूच सोडायचे. दुसऱ्या विहिरीत नाही. ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात. लहानपणी आम्ही हसायचो. आज्जी म्हणायची, ‘तुला उचलून दुसऱ्याच्या घरात टाकलं तर?’

मग मी तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. इतिहासाच्या माणसाची ही खोड. चिसोमूतला गोळीबार सप्टेंबरातला, आणि हरणांसाठी मऊ दोर त्यानंतर काही महिन्यांतच. फॉदरगिलला मी नावं ठेवत नाही, तो आणि त्याची माणसं जिवावर उदार होऊन पाण्यात उतरली. पण त्याच खोऱ्यातल्या माणसांसाठी लॉऱ्या होत्या. मोजे पाठवणाऱ्या बायकांना ते कळलं होतं का, हा प्रश्न मला अजून सतावतो. कळलं असतं तर त्यांनी काय पाठवलं असतं?

असो. किल्लीची गोष्ट राहिली.

१९६३च्या शेवटी फेडरेशन मोडलं. ऑक्टोबर १९६४मध्ये झांबिया स्वतंत्र झाला, केनेथ कौंडा अध्यक्ष झाले. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दक्षिणेकडच्या इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारनं ब्रिटनला न विचारता स्वतःचं स्वातंत्र्य जाहीर केलं. झांबियाच्या तांब्याच्या खाणी चालायच्या करिबाच्या विजेवर, आणि पॉवरहाऊस स्मिथच्या काठावर. कौंडांनी ब्रिटनला विनवलं, सैन्य पाठवून करिबाचा ताबा घ्या. ब्रिटननं लढाऊ विमानं झांबियात आणून उभी केली, पण भिंतीवर शिपाई पाठवला नाही.

आणि तरी वीज बंद झाली नाही. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात नवलाची वाटते ती हीच गोष्ट. फेडरेशन मोडताना करिबा चालवायला दोघांची मिळून एक संस्था केली होती, सेंट्रल आफ्रिकन पॉवर कॉर्पोरेशन. वर दोन्हीकडचे मंत्री, खाली दोन्हीकडचे इंजिनिअर. स्मिथच्या सरकारवर जगानं बहिष्कार टाकला, १९७३मध्ये सीमा बंद झाली, झांबेझीच्या काठाकाठानं भूसुरुंग पेरले गेले, लढाई झाली. तारांमधून वीज मात्र जात राहिली. दोघांनाही एकमेकांशिवाय भागत नव्हतं. एकानं बटण दाबलं असतं तर त्याचंही गिऱ्हाईक गेलं असतं, आणि भिंत तर दोघांच्याही खडकात रुतलेली.

झांबियानं धडा घेतला तो घेतलाच. आधी नाकारलेली काफुएची घळ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच बांधली, आणि त्याच दशकात करिबाच्या उत्तर काठावर आपलं पॉवरहाऊस कोरलं. १९८०मध्ये झिंबाब्वे झाला. १९८७मध्ये दोन्ही देशांच्या संसदांनी सारखेच कायदे करून झांबेझी रिव्हर ऑथॉरिटी उभी केली. आता भिंत, तळं आणि पाण्याचा हिशेब तिच्याकडं. दोन पॉवरहाऊस दोन देशांच्या दोन कंपन्यांची.

हिशेब असा. तळं समुद्रसपाटीपासून ४८८.५० मीटरला भरतं आणि ४७५.५० मीटरच्या खाली वीज करता येत नाही. म्हणजे खेळायला तेरा मीटर. एका मीटरात साधारण पाच अब्ज घनमीटर पाणी, पावणेदोन कोयना समजा. दर वर्षी ऑथॉरिटी अंदाज बांधते आणि दोघांना सारखा वाटा ठरवून देते. अंदाज बांधणं सोपं नाही, कारण करिबाला वर्षात दोन पूर येतात आणि दोघांना नावं आहेत. जवळच्या पावसाचा पहिला, जानेवारी-फेब्रुवारीतला, तो गुंबोरा. दुसरा मोरोर्वा : अंगोला आणि पश्चिम झांबियात पडलेला पाऊस बारोत्सेच्या विस्तीर्ण मैदानात रेंगाळत, मार्चपासून जूनपर्यंत सावकाश येतो. कोयनेतून सोडलेलं पाणी दीड-दोन दिवसांत आमच्याकडं येतं, तिथं महिने लागतात. तेवढी सवड असते, पण मोहही तेवढाच असतो. पाणी येईल या भरवशावर आधीच खर्च करायचा मोह.

२०२२मध्ये तेच झालं. दोघांना २२.५ अब्ज घनमीटर वाटा होता. झिंबाब्वेकडच्या कंपनीनं तो नोव्हेंबरातच संपवला, वर १.३८ अब्ज जास्त वापरलं. अर्धी कोयना उधार म्हणा. तळ्यात उपयुक्त साठा पाच टक्क्यांहूनही कमी उरला. ऑथॉरिटीनं पत्र धाडलं, वीज बंद करा. पत्र अगदी सरकारी भाषेतलं, दशांशापर्यंत आकडे दिलेलं. झिंबाब्वेत दिवसाला अठरा-एकोणीस तास अंधार झाला. शेवटी बोलणी होऊन थोडी वीज करायला मुभा मिळाली. २०२४च्या दुष्काळात पुन्हा तीच पाळी, आणि या वेळी झांबियाचेही दिवे गेले.

कमी पाण्याचं भांडण निदान वहीत मांडता येतं. जास्त पाण्याचं तसं नाही. करिबाचा करार दोन देशांचा. खालच्या बाजूला मोझाम्बिक आहे, पोर्तुगीजांच्या काळात बांधलेलं काहोरा बासा धरण आहे, आणि त्याच्याही खाली त्रिभुज प्रदेशात राहणारी माणसं आहेत. करिबाची दारं उघडली की ते पाणी त्यांच्याकडं जातं. खोऱ्यातल्या देशांचा मिळून करार व्हायला २००४ उजाडलं आणि तो लागू व्हायला २०११. आता दारं उघडायच्या आधी खाली कळवतात.

कळवतात, हा शब्द मी २०१९च्या ऑगस्टपासून फार जपून वापरते. त्या पुरात आम्ही सात दिवस शाळेत राहिलो. रात्री मोबाईलवर निरोप यायचे. कोयनेतून इतके क्युसेक, आलमट्टीतून इतके, कुणी म्हणायचं दारं उघडली, कुणी म्हणायचं उघडलीच नाहीत. धरण एका राज्यातलं, फुगवट्याची तक्रार दुसऱ्या राज्याची, आणि आम्ही मधल्या पट्ट्यातले. दोष कुणाचा त्या वादात मी शिरत नाही, माझ्यापेक्षा जाणती माणसं त्यात आहेत. एवढंच सांगते की निरोप आला तेव्हा म्हशी सोडायला वेळ राहिला नव्हता. शेजारच्या काकींनी दावी विळ्यानं कापली, तेवढंच.

करिबाची दारं उघडली की आणखी एक गोष्ट होते, ती भिंतीच्या पायथ्याशी. पाणी जिथं पडतं तिथला खडक उखडत गेला आणि वीसेक वर्षांत तिथं ऐंशी मीटरांहून खोल डोह झाला. तो भिंतीकडं सरकायला लागला तर काय, या धास्तीनं २०१४मध्ये युरोपियन युनियन, जागतिक बँक, आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक आणि स्वीडन यांच्याशी २९ कोटी ४० लाख डॉलरचे करार झाले. २०१७पासून डोहाचा आकार बदलायचं काम सुरू झालं. ही भिंत गेली तर काहोरा बासाही जाईल आणि खाली लाखो माणसं आहेत, असं तेव्हा उघडपणे बोललं गेलं. धोका भिंतीला होता म्हणून पैसे आले. त्याच भिंतीपायी उठलेल्या टोंगांच्या कितीतरी गावांत तेव्हाही वीज नव्हती. उच्च दाबाच्या तारा डोक्यावरून जायच्या, खाली चिमणी.

टोंगांबद्दल मला जे कळलं ते बरंचसं एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांमुळं. १९५६मध्ये, गावं उठायच्या आधी, ते तिथं गेले आणि घराघराची टिपणं ठेवली. मग अनेक दशकं तीच घरं, त्यांची मुलं, नातवंडं. धरणग्रस्तांची एवढी लांब नोंद जगात क्वचितच कुणी ठेवली असेल. कोल्सनबाई पुढं झांबियातच, मोंझेला राहिल्या आणि २०१६मध्ये ९९व्या वर्षी तिथंच वारल्या. त्यांच्या वहीत माणसं होती, ऑथॉरिटीच्या वहीत पाणी. दोन्ही वह्या आपापल्या जागी चोख. त्या एका टेबलावर आल्या असत्या तर, असं मी दरवेळी मनात म्हणते.

दुष्काळात तळं उतरतं तेव्हाचे फोटो मी पाहिलेत. साठ वर्षांपूर्वी बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्यातून वर आलेले असतात. बातमीत लिहिलेलं असतं, साठा संपला. पण संपला म्हणजे वीज करायचा, तेरा मीटरांतला. त्याच्या खाली अजून ११५ अब्ज घनमीटर पाणी तसंच उभं असतं. मृतसाठा. कागदावर तळं शून्यावर येतं, तेव्हाही टोंगांची मळी कितीतरी खोल असते.